पट्टीला माणूस

"शहरं विटांनी बांधली जात नाहीत, ती स्मृतींनी बांधली जातात!" असे म्हणत संग्रहालयाच्या संचालकांनी दारातून आत आलेल्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "आणि त्या स्मृतींचे शेवटचे साक्षीदार आपण!"

"मी पंख्याचं बघायला आलोय," तो माणूस म्हणाला.

शेवटचे साक्षीदार त्याच्या मागे, आपल्या मुलीने उघडून धरलेल्या दाराच्या आड उभे होते. संचालकांनी तोच हात त्यांच्यापुढे केला, पण वाक्य काही पुन्हा म्हटले नाही. चांगले वाक्य वाया गेल्याचे दुःख चहा येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर टिकून होते.

साक्षीदारांना नोकरीत सगळे पट्टीवाले म्हणत. रस्ता रुंद करायचा, पूल न्यायचा, म्हणजे मधे येईल ते पाडायचे. आणि पाडण्याआधी फोटो काढून ठेवायचा, असा कचेरीचा नियम होता. इमारतीची उंची कळावी म्हणून फोटोत दहा फुटी, काळी-पांढरी रंगवलेली पट्टी हवी. पट्टी आपली आपण उभी राहत नाही, म्हणून पट्टीला माणूस हवा. एकतीस वर्षे तो माणूस हे होते. कोणता फोटो कुठला हे लिहिलेली वही मात्र ओल लागून केव्हाच गेली. आता सोमवारी प्रदर्शन उघडायचे होते आणि साठ फोटोंत ओळख पटावी अशी एकच गोष्ट शिल्लक होती. तिला गाडी पाठवून बोलावून घेतले होते.

पट्टीवाल्यांची बायको जाऊन सव्वा महिना झाला होता. शेजारीपाजारी त्यांना खंबीर म्हणत. खंबीर म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नव्हते. जेवायला हाक मारली की जेवता येत होते, इतकेच. आज ते आले ते एका फोटोसाठी. त्या साठांत त्यांची स्वतःची गल्लीही असणार होती. तिथल्या, पाडलेल्या घरातला बायकोचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता, आणि त्या दिवशी ती मागे दारात होती एवढे त्यांना नक्की आठवत होते. त्या दिवसाबद्दल ती पुढे चौतीस वर्षे एक अक्षर बोलली नाही. बोलली नाही म्हणजे काही वाटले नसेल, असे धरून त्यांनी संसार केला.

संचालकांनी पहिला फोटो पुढे सरकवला.

"जुनं स्टेशन. हा घड्याळाचा मनोरा, ह्या कमानी. कसं दिसायचं हो तेव्हा?"

पट्टीवाल्यांनी फोटो जवळ घेतला, मग लांब धरला.

"शर्ट माझाच आहे."

"शर्ट नाही, स्टेशन."

"स्टेशन मागे आहे, साहेब. माझी तिकडे पाठ होती."

मुलगी खुर्चीत पुढे सरकली. "बाबा, नीट सांगा ना. गाडी पाठवली होती त्यांनी."

"नीटच सांगतोय. समोर औषधाचं दुकान होतं. पायरीवर एक म्हातारा बसायचा. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं की तो विचारायचा, गेला का हो?"

"पण हे फोटोत नाही," संचालक म्हणाले.

"नाहीच. ते मी बघत होतो."

असे बरेच झाले. पट्टीवाल्यांना प्रत्येक रस्त्याची समोरची बाजू पाठ होती आणि पाठीमागची एकही नव्हती. शेवटी संचालकांनी त्यांच्या अंगावरून काळ ठरवायला घेतला. पोट नाही म्हणजे पुलाच्या आधीचा. पोट आहे, मिशी नाही, म्हणजे धान्यबाजार. इतिहास असा भराभर पुढे सरकला.

"आई म्हणायची ते खरं," मुलगी म्हणाली. "ह्यांना कपाटातला डबा सापडत नाही, शहर काय सापडणार!"

म्हणून झाल्यावर तिने चहाचा कप उगीच बशीत फिरवला. पट्टीवाले हसले. इथे हसायचे असते हे त्यांना माहीत होते.

त्रेचाळिसाव्या फोटोला त्यांनी शर्ट पाहिला नाही.

"ही आमची गल्ली," ते म्हणाले.

फोटोत पट्टीवाले पट्टी धरून सरळ उभे होते. त्यांच्या मागे उघडे दार होते, आणि दारात स्टुलावर कोणीतरी चढले होते. एक हात त्यांच्या डोक्याच्या वर चौकटीला टेकलेला, दुसऱ्या हातात ओले फडके. चेहरा असायला हवा तिथे पट्टीवाल्यांचे डोके होते.

मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकली.

"आई? चौकट पुसतेय?" तिने आणखी जवळून पाहिले. "घर कधी पाडलं आपलं?"

"फोटो झाल्यावर. तासाभरानं."

पंखेवाल्याने शिडीवर काम थांबवले. पट्टीवाल्यांनी फोटो किंचित तिरका केला. तिरका करून काही दिसेना, तेव्हा स्वतःच मान वाकडी करून, फोटोतल्या आपल्या कानाच्या बाजूने पलीकडे डोकावून पाहिले. मग दुसऱ्या बाजूने.

अशा वेळीच संचालकांना वाक्ये सुचत.

"हा फोटो आपण दर्शनी भिंतीवर लावू. भिंतीएवढा! मधोमध आपण, हातात पट्टी, मागे कोसळणारं युग... सगळं शहर तुम्हाला बघेल, काका!"

पट्टीवाल्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि त्यातल्या माणसाच्या डोक्यावर बोट टेकवले.

"ते ठीक आहे, साहेब," ते म्हणाले. "पण ह्याला जरा बाजूला सरकवता येईल का?"