माझ्या मीटरचा आकडा खरा आहे

मी एक जुनी पांढरी गाडी आहे, मित्रांनो. किती जुनी, हे विचारायला लाजू नका. माझ्या स्टिअरिंगमागच्या काचेत आकडा दिसतोच: एक लाख सत्त्याऐंशी हजार आणि वर थोडे किलोमीटर. हा आकडा वाचून लोक तोंड वाकडं करतात. करू देत बापडे. एवढं अंतर मी स्वतःच्या चाकांवर चाललेय, कुणाच्या मागे दोरीने बांधून नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला त्यातलं काही आठवत नाही; फक्त रंगाचा वास आणि खडखडाट तेवढा आठवतो. मला समजायला लागलं ते बुऱ्हाणपूरच्या लालबागेत, सुधाकररावांच्या दारात. त्यांच्या पत्नी निर्मलाताईंनी मला ओवाळलं आणि समोर लिंबू-मिरची बांधली. आख्खी गल्ली मला बघायला आली होती. एका आजोबांनी माझं दार चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं आणि "आवाज चांगला आहे" असा दाखला दिला. त्या दिवशी मी किती फुगले होते म्हणून सांगू!

सुधाकरराव नेपानगरच्या कागद कारखान्यात हजेरी लिहिणारे कारकून होते. कामगार किती वाजता आला ते त्यांनी लिहायचं, म्हणून त्यांना स्वतःला उशीर करायची सोयच नव्हती. रोज सकाळी ते माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "चल बाई." मग आम्ही निघायचो. तोच रस्ता, तीच केळीची हिरवी शेतं, तोच वेग. चौदा वर्षं आम्ही असे गेलो आणि असे आलो. त्यांनी मला कधी पिटाळलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. रविवारी लुंगी नेसून ते माझं तेल बघायचे, आणि ते बघताना एक हिंदी गाणं सगळं बेसूर म्हणायचे. मला ते आवडायचं.

मग ते निवृत्त झाले. गुडघे दुखायला लागले. मी चार महिने अंगणात कापडाखाली उभी राहिले. धूळ बसली, एका उंदराने माझ्या मागच्या सीटखाली संसार थाटला. मित्रांनो, चालण्याने मी कधी थकले नाही, पण त्या उभं राहण्याने थकले. शेवटी त्यांची मुलगी हिमानी त्यांना इंदूरला न्यायला आली, आणि जाण्याआधी त्यांनी मला मोतीलालशेठच्या जुन्या गाड्यांच्या आवारात आणून सोडलं.

मोतीलालशेठ माणूस वाईट नाही, पण गोड बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. माझा आकडा बघून ते सुधाकररावांना म्हणाले, "साहेब, मीटर थोडं मागे घेऊ या. साठ-पासष्ट हजार करू. हातोहात जाईल."

सुधाकरराव जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा खऱ्या लिहीत आलेले. ते शांतपणे म्हणाले, "जेवढी चालली तेवढी चालली, शेठ. आकड्याला हात लावायचा नाही. विकली गेली नाही तर मी परत नेईन." जाताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. या वेळी "चल" म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझ्या शेजारी आणखी एक गाडी उभी होती. तीही पांढरी, माझ्याच जातीची. पण तिचा थाट काय वर्णावा! नवा रंग, नवी सीट कव्हरं, आत मोगऱ्याचा वास, आणि मीटरवर फक्त एकेचाळीस हजार. येणारा जाणारा तिच्यापाशी थांबायचा. माझा आकडा वाचला की "बाप रे" म्हणून पुढे जायचा. दोन महिने मी हे रोज ऐकलं. अशाने कुणाचाही स्वतःवरचा विश्वास डळमळतो.

मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी वैजयंती आली.

वैजयंती गावातल्याच बुधवाऱ्यात राहणारी, शाळेत गणित शिकवणारी बाई. तिची बदली नेपानगरच्या पुढच्या एका खेड्यात झाली होती. तिथे जायला आधी एक बस, मग दुसरी बस, मग पायपीट. शाळेत पोचल्यावरच मोबाईलवर हजेरी लागायची. दोनदा उशिराचा शेरा बसला होता. मुख्याध्यापक यादवसर समजूतदार, पण तेही काय करणार? ते म्हणाले होते, "बाई, तिसरा शेरा बसला तर वर कळवावं लागेल. जूनपासून इथेच गावात खोली घ्या." खोली घ्यायची म्हणजे नऊ वर्षांच्या कविताला आजीपाशी ठेवायचं आणि रविवारी भेटायचं. वैजयंतीने दोन महिने ड्रायव्हिंग क्लास केला होता. गाठीला जे होतं त्यात एकच गाडी येणार होती, आणि ती बिघडली तर दुरुस्तीला गाठीला काही उरणार नव्हतं. निवड चुकली तर खोली ठरलेलीच.

तिचा नवरा धर्मेंद्र माझ्या त्या शेजारणीवर एकदम फिदा झाला. "देख ना, वैजू, शोरूम कंडिशन आहे. टकाटक. आणि ती बाजूची? तिने तर दुनिया पाहिलीय." वैजयंतीनेही माझा आकडा वाचला आणि पुढे गेली. धर्मेंद्रने शेजारणीसाठी तोंडी शब्द दिला. आखाजीच्या मुहूर्तावर पूजा करून गाडी घरी न्यायची ठरलं. त्याची आई सरुबाई त्या दिवशी बरोबर नव्हत्या. त्यांना घरी जाऊन त्याने सांगितलं, "आई, कडुलिंबाच्या झाडाखालची पांढरी."

आता गंमत ऐका. आखाजीच्या सकाळी मोतीलालशेठने शेजारणीला धुवायला रस्त्याकडे नेलं, आणि ऊन लागू नये म्हणून मला लिंबाखाली आणलं. सरुबाई हातात ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे आल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर मोठा काळा चष्मा. झाड दिसलं, पांढरी गाडी दिसली. बाकीचे येईपर्यंत त्यांनी माझ्या बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला आणि चाकांखाली लिंबंही ठेवली. मी श्वास रोखून उभी होते. चौदा वर्षांनी मला कुणीतरी पुन्हा ओवाळत होतं, आणि तेही चुकून.

"आई, ही नाही," धर्मेंद्र कपाळाला हात लावून म्हणाला. "ती! ती तिकडची!"

मोतीलालशेठ फडकं घेऊन धावले. "काही नाही, आत्ता पुसतो."

सरुबाईंनी त्यांचा हात धरला. "आखाजीच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसता? माले नाही चालनार. पूजा झाली तर निदान हिले फिरवून तं पाहा. मग तुमची ती घ्या नाहीतर आनखी कोनती."

आईशी वाद घालून धर्मेंद्र कधी जिंकला असेल असं मला वाटत नाही. ठरलं, की मला असीरगडच्या घाटात एक फेरी मारायची आणि विषय मिटवायचा. वैजयंती स्टिअरिंगवर बसली. पूजा झालेली गाडी म्हणून तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. मोतीलालशेठ तिच्या शेजारी. मागे धर्मेंद्र, सरुबाई आणि मध्ये कविता. कविताने हळूच आजीला सांगितलं, की आईच्या खोलीसाठी भरायच्या पेटीत तिने स्वतःची बाहुली आधीच ठेवली आहे, म्हणजे आईला एकटं वाटणार नाही. ते ऐकून मी मनाशी म्हटलं, आज काहीही होवो, घाटात अडायचं नाही.

उन्हाने रस्ता तापला होता. माझा एसी दमत दमत गार हवा देत होता. चढाच्या वळणावर वैजयंती घाबरली, क्लच एकदम सुटला आणि मी बंद पडले. मागे ट्रक. त्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली.

"हँडब्रेक ओढा, मॅडम," मोतीलालशेठ म्हणाले. तिने ओढला. मी तिथेच घट्ट उभी राहिले, तसूभरही मागे सरले नाही. पाच माणसांचा भार आणि एवढा चढ, पण ज्याची काळजी घेतलेली असते ते ऐनवेळी दगा देत नाही. वैजयंतीने किल्ली फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि चढ चढून गेले. मागून कविताने टाळ्या वाजवल्या. मला तर हॉर्न वाजवावासा वाटला.

परत आल्यावर वैजयंती म्हणाली, "आता ती पण चालवून पाहते."

मोतीलालशेठ म्हणाले, "मॅडम, तिला काय पाहायचं? तिचा आकडाच बोलतो." पण वैजयंती जाऊन बसलीही होती. पाय अजून अनवाणीच. तिने क्लचवर पाय ठेवला आणि चटकन उचलला. खाली वाकून पाहिलं. मग उठून माझ्याकडे आली, माझ्या क्लचवर पाय ठेवला, पुन्हा तिकडे गेली. धर्मेंद्रला कळेना, ही फेऱ्या का घालते आहे.

"मोतीलालशेठ," ती अगदी वर्गात विचारतात तसं म्हणाली, "या जुन्या गाडीच्या क्लचच्या रबरावर अजून रेघा आहेत. पायाला लागतात. आणि तुमच्या एकेचाळीस हजारवालीचं रबर पार झिजून खालचं लोखंड पायाला टोचतंय. कमी चाललेलीचं रबर जास्त कसं झिजलं?"

"मागच्या मालकाला पाय घासायची सवय होती, मॅडम."

"आणि सीट कव्हरखाली गादी एवढी खचली, तीही सवयीनेच?"

मोतीलालशेठ घाम पुसायला लागले. "या जुनीचं रबर बदललं असेल," ते पुटपुटले.

"विचारू या की मालकाला," वैजयंती म्हणाली.

शेठच्या मोबाईलवरून, स्पीकरवर, फोन लागला. आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, हेडलाइटऐवजी मला डोळे असते तर. सुधाकरराव म्हणाले, "रबर मूळचंच आहे, बाई. मी क्लचवर उगाच पाय ठेवून चालवत नाही. पण ऐका, दोष सांगतो. दुपारी एसी दमतो. डावी मागची काच वर करताना हाताने आधार द्यावा लागतो. सकाळी दुसरा गिअर हळू टाका. मागच्या सीटखाली उंदीर होता, गेला असेल तर बरं. तुम्ही जाणार कुठे रोज?"

"नेपानगरच्या पुढे. शाळेत."

मग ते म्हणाले, "तो रस्ता तिला पाठ आहे."

सरुबाई इतका वेळ लिंबाच्या सावलीत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "केळाच्या बागेत जल्म गेला माझा. साल पाहून घड घेते का कोनी? दांडा पाहाव लागते. तो मानूस सोताच दोष सांगून राहिला. अजून काय पाह्यजे तुमाले?"

धर्मेंद्रने डोकं खाजवलं आणि हसला. "पूजा तर हिचीच झाली आहे, आई. दुसरा नारळ कुठून आणू?" आणि मोतीलालशेठना मनातून सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी मला स्वतः पुसून, हार नीट करून दिला. कुंकवाला मात्र हात लावला नाही.

मित्रांनो, जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी वैजयंतीने दुसरा गिअर हळू टाकला आणि आम्ही निघालो. तीच केळीची शेतं आली, तोच रस्ता. कारखान्याच्या वळणावर मला वाटलं, आत जायचं. पण आम्ही सरळ पुढे गेलो, शाळेपर्यंत, आणि घंटेच्या वीस मिनिटं आधी पोचलो. एकदा तर वैजयंतीने चौथीची मुलं माझ्याभोवती उभी केली आणि माझा आकडा वाचायला लावला. लाख, दशहजार, हजार. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, इतकी चालली? आणि बंद नाही पडली?" वैजयंती म्हणाली, "एकदा पडली होती. ती चूक माझी होती." तिसरा शेरा अजून बसलेला नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, सायकल असो, पंखा असो, की माझ्यासारखी गाडी, तर तिचा आकडा बघून नाक मुरडू नका. तिचं तेल-पाणी बघा, तिला उभी ठेवून धूळ खाऊ देऊ नका. आणि तिच्याबद्दल खोटं बोलू नका, कुणी चांगली किंमत देत असलं तरी. आम्हाला एवढं पुरतं.

माझं म्हणाल तर वैजयंती मला दर रविवारी धुते. सुधाकररावांसारखं गाणं म्हणत नाही, पण कविता पाणी उडवते. रोज संध्याकाळी मी बुधवाऱ्यात वळले, की कविता ओट्यावरून धावत येते आणि माझ्या मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने मोठ्या अक्षरांत लिहिते: आई आली. म्हणून माझी एकच विनंती असते. सगळी गाडी धुवा, पण ती काच शेवटी.