गेंड्याला चहा बिनसाखरेचा

अवनीच्या स्वप्नात गेंडा पहिल्यांदा आला तेव्हा त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. दोन जोड. तिला नंतर ही गोष्ट फार खटकली, कारण चावायला आलेला प्राणी चपला कशाला काढेल?

आत येऊन तो सोफ्यावर बसला. सोफ्याने एक आवाज केला, आई म्हणाली, "असू दे, जुनाच आहे," आणि पाणी आणायला गेली. गेंड्याने अवनीकडे वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, आणि म्हणाला, "अगंबाई, केवढी ही उंच! उभी राहा बघू. वळ." अवनी उभी राहिली, वळली, आणि मग जे झालं त्याने ती किंचाळून जागी झाली. नेमकं काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. घरच्यांच्या मते ते उघडच होतं. गेंडा होता, म्हणजे किंचाळायला आणखी कारण काय लागतं?

पुढे तो येतच राहिला. कधी त्याच्याऐवजी शहामृग यायचं, कधी दोघं एकत्र, पण एकत्र आले तर एकमेकांशी फारसं बोलत नसत. बोलायचे ते फक्त अवनीच्या उंचीबद्दल.

उंची होती हे खरं. नववीच्या जूनमध्ये शिवलेला युनिफॉर्म दिवाळीआधीच धाकट्या बहिणीचा वाटायला लागला होता, आणि तिला धाकटी बहीण नव्हती. नारायण पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पंख्याखालून जाताना ती हल्ली मान वाकवायची. पंखा बऱ्यापैकी वर होता, पण खात्री कोण देणार?

या सगळ्यात एकच चांगली गोष्ट झाली होती. शाळेच्या उत्तरेश्वर सरांनी तिला व्हॉलीबॉलच्या निवासी शिबिराला बोलावलं होतं. भोरजवळ, दिवाळीच्या सुट्टीत, आठवडाभर. सर तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले होते, "नेटवर तू." तिच्या उंचीबद्दल वर्षभरात ऐकलेलं हे सगळ्यात छोटं वाक्य होतं. ते ऐकल्यापासून तिला शिबिराशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

आई म्हणाली, "एका हॉलमध्ये तीस मुली झोपणार, आणि तू अशी किंचाळणार? त्यांच्या आयांना मी काय तोंड दाखवू? आधी स्वप्नं थांबव, मग जा."

"ती काय मी लावलीयत?"

"ते मला माहीत नाही. शनिवारपर्यंत सरांना कळवायचंय ना? मग बघ."

घर कामाला लागलं. बाबांनी रात्रीची उसळ बंद केली. आईने मिरच्या-मोहऱ्या ओवाळून अशी दृष्ट काढली की समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ओरडून चौकशी केली. त्या रात्री गेंडा खोकत आला.

मग बाबांनी ठरवलं की खरे प्राणी दाखवले की खोट्यांची भीती जाईल. गर्दी नको म्हणून बँकेतून रजा काढून ते अवनीला बुधवारी कात्रजला घेऊन गेले. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं.

"आज सुट्टी आहे," वॉचमन म्हणाला.

"कुणाला? प्राण्यांना?"

"हो, त्यांना पण."

"मग सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतात ते कसे काय?" बाबांनी विचारलं. वॉचमनने बाबांकडे पाहिलं, मग अवनीकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने अवनीला सांगितलं की गुरुवारी घेऊन ये यांना. दोघं तिथल्या डेअरीतून ताकाच्या पिशव्या घेऊन परत आली.

थोरला भाऊ वरद वाघोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होता. त्याला बहिणीची काळजी होती, पण ती दाखवायची त्याची पद्धत म्हणजे रोज सकाळी पोह्यांच्या ताटलीवरून विचारणं, "आज कोण आलं होतं? जेवून गेले का?"

शेवटी शाळेतल्या समुपदेशक प्रियदर्शनी मॅडमनी तिला बोलावलं. त्या नवीन होत्या. त्यांची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची अर्धी खोली होती, त्यामुळे मनातलं बोलताना समोर डंबेल्स दिसायचे.

"तो प्राणी आला की पळू नकोस," मॅडम म्हणाल्या. "शांतपणे विचार, तुला काय हवंय?"

"तुम्हाला म्हणावं लागेल, मॅडम."

"मला कशाला?"

"त्याला. वयाने मोठा वाटतो."

त्याच रात्री गेंडा आला, बसला, वर पाहायला लागला. त्याने तोंड उघडायच्या आत अवनीने हात जोडून विचारलं, "आपल्याला काय हवंय?"

गेंडा विचारात पडला. त्याला आजवर असं कुणी विचारलेलं नसावं. "चहा," तो म्हणाला. "बिनसाखरेचा. म्हणजे अगदीच बिनसाखरेचा असं नाही. दोन चमचे घाल, पण तुझ्या काकूला सांगू नकोस."

अवनी पहिल्यांदाच न किंचाळता जागी झाली. उठून बसली आणि म्हणाली, "जगूकाका!"

जगूकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. दर रविवारी यायचे आणि याच शब्दांत चहा मागायचे. एकदा हे कळल्यावर पुढचं सोपं होतं. सोफ्यावर बसून मान लांब करत स्वयंपाकघरात काय शिजतंय ते बघणारं शहामृग म्हणजे कुमुदआत्या, बाबांची बहीण. ती नव्याने ओळखायची गरजच नव्हती. आत्या जागेपणीही तशीच बसायची.

अवनीने हे फक्त वरदला सांगितलं, तेही शपथ घालून. वरदने शपथ पाळली, म्हणजे तोंडाने कुणाला सांगितलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याने फक्त एक ओळ टाकली: 'कळवण्यास आनंद होतो की गेंड्याची ओळख पटली आहे.' खाली जगूकाकांचं नाव. त्याखाली आत्याचं, शहामृगाच्या चित्रासकट.

ग्रुप दोन तास गप्प राहिला. तो ग्रुप गप्प राहू शकतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग जगूकाकांचा मेसेज आला: 'उद्या येतो आहे.'

शनिवारी सकाळी ते आले. बरोबर त्यांच्या पत्नी नलूकाकू आणि कोथरूडहून आलेली कुमुदआत्या. सोफ्यावर तिघंही ओळीने बसली. सोफ्याने आवाज केला. अवनी समोर उभी होती आणि आपण जागे आहोत ना, हे बघायला तिने स्वतःला चिमटा काढला. जागी होती. म्हणजे आणखीच वाईट.

"भावजी, लहान आहे हो ती," आईने सुरुवात केली. "वरदला तर मी—"

जगूकाकांनी हात वर केला. "आनंदी, मला राग आलेला नाही. मला फक्त एक विचारायचंय." ते अवनीकडे वळले. "वाघ का नाही?"

"काय?"

"गेंडा ठीक आहे, भारदस्त आहे, मी नाही म्हणत नाही. पण वाघही देता आला असता."

"स्वप्न पडतं, काका. निवडता येत नाही."

"निदान सुचवता येतं."

"तुला गेंडा तरी मिळाला, जगूदादा," कुमुदआत्या म्हणाली. "मी पक्षी. तोही न उडणारा! बँकेत एवढी वर्षं मॅनेजर होते मी."

"शहामृग पळतं मात्र जोरात," बाबांनी समजूत काढली.

"माझे गुडघे बघितलेस का, श्रीधर?"

नलूकाकू इतका वेळ पदराशी चाळा करत होत्या. आता हळूच म्हणाल्या, "आणि मी?"

अवनीने जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं, "तू नसतेस, काकू."

"एकदाही?"

"अजून तरी नाही."

काकू जगूकाकांकडे वळल्या. "म्हणजे हिच्या स्वप्नातसुद्धा हे एकटेच फिरतात. मी घरी."

"अगं, मला काय माहीत मी जातो ते!"

"माहीत असतं तर नेलं असतंत?"

जगूकाका छताकडे बघू लागले. बाबा घाईने म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी नक्की."

"मला हरीण चालेल," काकू म्हणाल्या. "फार मोठं काही नको."

आत्याला मात्र अजून चैन नव्हती. "पण काय गं, आम्ही करतो तरी काय तिथे? चावतो? शिंगं मारतो?"

"तुला शिंगं नाहीत, आत्या," वरद म्हणाला.

"तू गप्प बस. बोल गं."

अवनीने एकदा घड्याळाकडे पाहिलं. सरांचा शनिवार निघून चालला होता. आता सांगितलं नाही तर स्वप्नं राहणार होती आणि शिबिर जाणार होतं. ती म्हणाली, "तुम्ही येता, बसता आणि म्हणता, केवढी उंच झालीस. मग म्हणता, उभी राहा. मग म्हणता, वळ. मग काका म्हणतात, हिला नवरा शोधायला शिडी लावावी लागेल."

"ते मी खरंच म्हणालो होतो!" काका खूश झाले. "मे महिन्यात, बापटांच्या मुंजीत. सगळे काय हसले होते!"

"मी नव्हते हसले."

काकांचं हसू जरा मागे सरलं. "अगं, कौतुकाने म्हणतो आपण. वाढलीस म्हणून म्हणतो."

"वाढलेय ते माहितेय मला, काका. मी तेव्हा तिथेच होते." तिचा आवाज थोडा कापला आणि याचा तिला राग आला. "तरी रोज कुणीतरी येऊन मला कळवतं. दुकानात, जिन्यात, लग्नात. जशी काही बातमी माझ्यापर्यंत पोचलेलीच नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "बघा," ती म्हणाली, "मी नेहमी सांगते, मुलींना असं बोलू नये."

"आई काय असते गं स्वप्नात?" वरदने विचारलं.

"आई आईच असते."

आईच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की कपबश्यासुद्धा उजळल्या. तिने सोफ्याकडे, म्हणजे समस्त प्राणिमात्रांकडे, एक नजर टाकली.

"ती टेप आणून देते," अवनी म्हणाली. "शिवणाच्या डब्यातली. काकांच्या हातात देते आणि म्हणते, बघा हो किती झाली. तेव्हा मी किंचाळते."

ट्रे तसाच राहिला. चहा निवत होता, पण घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. आत्याची मान, जी एरवी स्वयंपाकघरापर्यंत जायची, खांद्यांत गेली होती.

"मी कधी टेप..." आई म्हणाली आणि थांबली. परवाच लक्ष्मी रोडवर दिवाळीचे कपडे घेताना तिने दुकानदाराला या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "हिच्या मापाचं आता काही राहिलंच नाही हो, काय करावं!" तीन अनोळखी बायकांनी वळून माप बघितलं होतं. एकीने तर उपाय म्हणून खालून लेस लावायला सांगितलं होतं, आणि आईने लेसचा भाव विचारला होता.

आईने ट्रे ठेवला आणि आत गेली. नलूकाकू उठून तिच्या मागे गेल्या. बाहेर बाबा, काका, आत्या आणि वरद अशी चौघं एकमेकांकडे न बघता बसली. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

बाहेर आली तेव्हा आईचे डोळे लाल होते आणि आवाज नेहमीचा होता. "अहो, त्या उत्तरेश्वर सरांना फोन लावा. ती जाणार आहे म्हणावं."

"आणि स्वप्नं?" बाबा म्हणाले.

"ती बरोबर नेईल. इथे ठेवून जा असं सांगता येतं का?"

"आणि तिकडे किंचाळली तर?"

"किंचाळेल," आई म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीही किंचाळले असते. जरा आधीच."

बाबांनी फोन लावला. अवनीला आईला मिठी मारायची होती, पण त्यासाठी वाकावं लागलं असतं, आणि आज तरी वाकायची तिची इच्छा नव्हती. ती तशीच उभी राहिली. आईच टाचा उंच करून तिच्या खांद्यापर्यंत आली.

निघताना नलूकाकू दारात तिच्या कानाशी म्हणाल्या, "घाई नाही गं. सवडीने. पण हरीण."

शिबिराची बस स्वारगेटहून सुटणार होती. आईची नजर अवनीच्या ट्रॅकपँटवर गेली. ती घोट्याच्या बरीच वर संपत होती. आईचं तोंड उघडलं. काहीतरी आतून फार जोराने वर येत होतं, हे अवनीला दिसलं. आईने ते गिळलं आणि म्हणाली, "पाणी पीत जा."

भोरला पहिल्या रात्री कुणीच आलं नाही. अवनीला जरा चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या रात्री हॉलमध्ये जोरदार किंकाळी उठली. अवनीने डोळे उघडायच्या आधीच सगळ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणून टाकलं. मग लक्षात आलं की किंकाळी शेजारच्या गादीवरची होती. त्या मुलीचं नाव मुक्ताई, गाव जुन्नरकडचं. तीस मुलींनी कूस बदलली आणि एकही आई कुठून प्रकट झाली नाही.

सकाळी नळावर दात घासताना अवनीने जाणकाराच्या आवाजात विचारलं, "बिबट्या?"

"कुठाय?" मुक्ताई दचकली.

"स्वप्नात."

"बिबट्याचं कशाला बघू सपान? तो खराच येतो की आमच्या उसात. येतो आन जातो, कुणाला काय बोलत नाय." तिने चूळ भरली. "मामी हुती."

"मामी. म्हणजे कुठल्या प्राण्याच्या रूपात?"

"मामीच्या."

अवनीचा ब्रश थांबला. "थेट?"

"थेट. येती, खाटंवर बसती आन म्हणती, मुक्ते, उन्हात खेळून किती गं काळी पडली, कोण करील तुला. मग मी वराडते. तुझ्या सपनात कोण हाय?"

"काका. पण गेंडा होऊन."

"का बरं?"

अवनीने प्रामाणिकपणे विचार केला. "आमच्याकडे तोंडावर नाव घेत नाहीत," ती म्हणाली.

मुक्ताईने ब्रश झटकला. "धाड की मग त्याला एक दिवस आमच्याकडं. मामीपुढं टिकतोय का बघू."

मैदानावरून सरांची शिट्टी वाजली.

"विचारून सांगते," अवनी म्हणाली, आणि दोघी नेटकडे पळाल्या.