एक्केचाळीस घरांचे चाक

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. मित्रांनो, मी एक जुने पुठ्ठ्याचे चाक आहे. खरे तर दोन चाके: एक मोठे, त्याच्यावर एक लहान, आणि दोघांच्या पोटातून गेलेली पितळी पिन. गाडीला लावाल तर गाडी जागची हलायची नाही. माझे काम निराळे. मी अक्षरांना वेषांतर शिकवते.

माझा पुठ्ठा छापखान्यातला. ज्या घरात मी जन्मले, त्या घरातले बाबा तिथे जुळारी होते. शिशात ओतलेल्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ते दिवसभर ओळी जुळवत. बांधणीतून उरलेले पुठ्ठे ते घरी आणत. त्यातलाच एक त्यांच्या थोरल्या मुलीने उचलला, बशी आणि वाटी उपडी ठेवून दोन वर्तुळे आखली आणि त्यांची घरे पाडायला बसली. पहिले घर अ चे (इ, उ, ए ही त्यालाच वेलांटी, उकार, मात्रा देऊन व्हायची), मग क पासून ळ पर्यंत बत्तीस व्यंजने, मग काना, दोन वेलांट्या, दोन उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण. झाली एक्केचाळीस.

"मेलं याला कशानंच भाग जात नाही!" तीनदा खोडून ती वैतागली. धाकटी पोट धरून हसत होती.

थोरली वीस वर्षांची, धाकटी तेराची. थोरलीच्या छातीत दुखणे घर करून बसले होते आणि तिला गावाबाहेर, टेकडीवरच्या रुग्णालयात कित्येक महिने राहायचे होते. तिथून यायची ती उघडी कार्डे. पोस्टमन वाचणार, शेजारच्या काकू वाचणार, आई तर चारचौघांत मोठ्याने वाचून घेणार. म्हणून थोरलीने माझ्यासारखेच आणखी एक चाक केले. ती माझी जुळी बहीण. ती थोरलीबरोबर गेली, मी धाकटीकडे राहिले, गणिताच्या पुस्तकाच्या कव्हरात.

"वरचं सगळ्यांचं, शेवटची ओळ तुझी," थोरली म्हणाली. "आतलं चाक वीस घरं फिरवायचं. माझं वय लक्षात ठेव, म्हणजे झालं."

वीस घरे फिरवली की 'मला' या शब्दाचा 'खचढ' होई. धाकटी वीस घरे उलटी मोजून तो पुन्हा 'मला' करी. पहिल्या ओळींत नुसती गंमत असायची. शेजारच्या खाटेवरच्या आजी झोपेत नवऱ्याला रागावतात, असली. धाकटी कव्हरातून मला काढी, ओळ सोडवी आणि एकटीच खुदकन हसे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

मग एक कार्ड आले. वर लिहिले होते: वजन वाढते आहे, काळजी नसावी. खालची ओळ सोडवताना धाकटीने माझी घरे दोनदा पुन्हा मोजली. 'छाती उघडायची म्हणतात. महिनाअखेरपर्यंत सही दिली तर उपयोग आहे. मी देणार नाही. मला भीती वाटते. घरी सांगू नको, तुला शपथ आहे.'

महिना संपायला तेरा दिवस होते. धाकटीने मला कव्हरात कोंबले आणि जेवायला नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

रविवारी दुपारी बाबांनी फळीवरची सगळी कार्डे काढली आणि पेन्सिल घेऊन टेबलाशी बसले. धाकटी समोर अभ्यासाचे सोंग करत होती, आणि मी तिच्या कोपराखाली.

"काय गं, या ओळींत एवढे ढ कुठून आले? तुमच्या वर्गात तरी आहेत का इतके?"

"आमचा खेळ आहे तो. काही नाही."

"असू दे. मी आपला मोजतोय." पेन्सिल टकटक करत कार्डांवरून फिरली. "बघ हं. आमच्याकडे खिळ्यांची पेटी असते. प्रत्येक अक्षराला खण. ढ चा खण असा कडेला, चिमुकला, वर्षभर पुरतो. आणि कान्याचा मधोमध, हाताशी, सगळ्यात मोठा. तरी दुपारपर्यंत रिकामा होतो. मराठीत कान्यावाचून पान हलत नाही. आता एखादा ढ कान्याइतका राबायला लागला, तर तो ढ कसला?"

धाकटीने वहीत तेच गणित पुन्हा उतरवले.

बाबा दोनदा चुकले. मग पुटपुटले, "ङ आणि ञ घेतलेलेच नाहीत लबाडांनी." बोटांवर मोजत ते चौतिसाव्या घरातल्या कान्यापासून निघाले, सात घरांत शेवट गाठला, पहिल्यापासून तेरा घरे चालून ढ पाशी थांबले. "वीस," ते म्हणाले. "तिचं वय." आणि हसले. एक अक्षर सापडले की बाकीची चाळीस आपोआप सापडतात. माझ्या जातीचा हा दोष आहे. त्यात दोघींनी एकदाही किल्ली, म्हणजे ती वीस घरे, बदलली नव्हती, त्यामुळे मोजायला भरपूर मिळाले.

शेवटचे कार्ड सोडवेपर्यंत त्यांचे हसू गेले होते.

"मी शपथ मोडली नाही," धाकटी रडत म्हणाली. "मी कुणाला काही सांगितलं नाही."

"नाहीच सांगितलंस. मला वाचता येतं, एवढंच." त्यांनी तिला जवळ ओढले. "आता जेव."

आई दारात उभी होती. "मला तुमचं ते गणित कळत नाही. पण तीन कार्डं झाली, पोरीच्या ओळी खाली घसरताहेत. तिचा स्वेटर कधीचा काढून ठेवलाय मी."

बाबांनी कार्ड घेतले आणि धाकटीला म्हणाले, "तुझं यंत्र आण." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या शिशाने काळवंडलेल्या बोटांत गेले. त्यांनी आतले चाक वीस घरे फिरवले, थांबले, आणि आणखी एक घर पुढे सरकवले.

"बाबा, चुकलं! एकवीस झाली."

"कार्ड पोचेल त्या दिवशी ती किती वर्षांची होईल?"

पुढचे मला थोरलीनेच नंतर ऐकवले. वाढदिवसाच्या दिवशी ते कार्ड हातात पडले. वीस घरांनी सोडवले तर नुसता चिखल. बाबांचे अक्षर, आणि अर्थ लागेना. तिने कार्ड उशीखाली सारले. मग आजचा दिवस आठवला आणि चाक एक घर पुढे गेले. 'शनिवारी येतो. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी बसेन. तू बाहेर येईपर्यंत उठणार नाही.'

शनिवारी बाबा आले तेव्हा सही झालेली होती. ते साडेपाच तास बाकावर बसून राहिले. डाव्या बाजूचे अर्धे फुफ्फुस गेले. थोरली राहिली.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे कंपासपेटीत पडून होते. रबराच्या कचऱ्यात, कुणाच्या आठवणीत नसलेली. धाकटी गणिताची शिक्षिका झाली आणि एके दिवशी मला वर्गात घेऊन गेली. एक्केचाळीस ही अविभाज्य संख्या आहे, म्हणून अक्षराचा क्रमांक सातने गुणा, बाराने गुणा, एक्केचाळीसने भागून बाकी घ्या, दोन अक्षरे कधीच एका घरात यायची नाहीत, हे तिने मुलांना दाखवले. चाळीस घरे असती आणि दोनने गुणले असते, तर गर्दी झाली असती. थोरलीला ज्याचा वैताग आला होता, तेच माझे बळ निघाले.

आता धाकटीची नात संगणकांची कुलपे करते. परवा ती म्हणाली, "आजी, एक्केचाळीस गुणिले त्रेचाळीस?"

"सतराशे त्रेसष्ट."

"झालं ना चटकन? पण नुसतं सतराशे त्रेसष्ट सांगितलं, तर ते दोघं शोधायला वेळ लागतो. आम्ही शेकडो आकडी संख्या घेतो. कुलूप कुणीही लावावं, उघडणारा एकच. हे तुझं चाक तर शाळेतलं पोरसुद्धा फोडेल."

"फोडलं म्हणूनच तुझी मावशीआजी वाचली," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, शिशाचे खिळे वितळवले गेले त्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि पुढे शांतपणे गेले. आई त्यांच्यामागे अकरा वर्षे होती. शेवटपर्यंत आलेल्या पत्राची ओळ सरळ आहे का, ते आधी बघायची. थोरली त्याच रुग्णालयात औषधे देण्याच्या खिडकीवर नोकरीला लागली आणि दीड फुफ्फुसावर शहात्तर वर्षे जगली. माझी जुळी बहीण तिने शेजारच्या खाटेवर नव्याने आलेल्या एका मुलीला दिली. तिलाही एक भाऊ होता म्हणे. माझ्या त्या बहिणीचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. धाकटी ऐंशीची आहे. मी तिच्या टेबलाच्या खणात असते.

जुन्या वस्तू चाळताना मी हाती लागले, तर हलक्या हाताने धरा. पिन सैल झाली आहे, कडा भुगा होऊन गळतात. आणि एक करा. थोरली बरी होऊन घरी आली, त्या दिवशी तिने माझे आतले चाक एकवीसवर आणून ठेवले. ते तिथून हलवू नका.