माना डोलवायची मीटिंग

विभाची जीभ! मार्चमध्ये नोकरीचा करार पुन्हा व्हायचा होता आणि नेमकी आजच ती सुटली.

गरीब देशांना मदत करणाऱ्या टोकियोतल्या त्या विकाससंस्थेत मीटिंगमध्ये काही ठरत नसतं हो. सगळं आधीच एकेकाच्या टेबलापाशी जाऊन ठरलेलं असतं, मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलवायच्या. विभाला हे ठाऊक होतं. पण पुण्याच्या मुलीला मीटिंग म्हणजे वाद घालायची हक्काची जागा, त्याला कोण काय करणार?

आज पाहुण्या होत्या लुर्देसबाई, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका छोट्या बेटाच्या नियोजन अधिकारी. त्यांना देशासाठी पोलादाचा कारखाना हवा होता. आराखडा तयार होता, माना डोलत होत्या.

"पण लोखंड कुठून आणणार?" विभा बोलून गेली. "आमच्याकडे खाणी होत्या, एवढा मोठा देश होता, तरी स्वातंत्र्यानंतर अशा कारखान्यांनी आमची दमछाक केली."

"मग तुम्ही का उभारलेत?" बाई कडाडल्या. "स्वाभिमान तुम्हालाच? आम्ही काय जन्मभर नारळ विकायचे?"

"नारळ कशाला, तेल काढून विका की!"

बाई फाइल मिटून बाहेर गेल्या. "विचार करू," विभाचे साहेब मोरी-सान टेबलाकडे बघत म्हणाले. इथे त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो.

गेली नोकरी! व्हिसा, फुनाबोरीतलं घर, शाळेत कुठे आत्ता रुळलेली लेक तन्वी... कशाला तोंड उघडलंस गं बये?

थोड्या वेळानं मोरी-सान तिला शोधत आले. "बाई बोलावताहेत."

ती मान खाली घालून गेली. लुर्देसबाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"परके राज्यकर्ते होते तेव्हा आम्ही फक्त 'नाही' ऐकलं," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर जो भेटतो तो 'हो' म्हणतो. बरोबरीनं मात्र आजवर कुणीच भांडलं नव्हतं."

"पुढचं सगळं काम तुमच्याबरोबरच करणार म्हणताहेत," मोरी-सान हळूच म्हणाले. "तुमच्या कराराचे कागद मी आजच वर पाठवतो."

विभा मटकन खुर्चीत बसली. "हुश्श!" तिच्या तोंडून निघालं आणि डोळे घळाघळा वाहायला लागले.

"रडताय काय?" बाई समोर खुर्ची ओढत म्हणाल्या. "पोलाद मी अजून सोडलेलं नाही."

"मी तरी तेल कुठे सोडलंय?" विभा डोळे पुसत म्हणाली. "बोला."