तिसरं जहाज

कारकुनाने चित्र भिंतीला टेकवलं, त्यावरचं फडकं काढलं आणि तिसऱ्या जहाजावर बोट ठेवलं.

"एवढं पुसून टाकायचं. इथे नुसता समुद्र हवा. उद्या मालकांकडे पाहुणे आहेत, त्याआधी."

चितारी चित्राकडे बघत राहिला. ते त्यानेच रंगवलेलं होतं. मालकाची तीन जहाजं, एकामागून एक, शिडं वाऱ्याने टम्म फुगलेली. खरी जहाजं तेव्हाच म्हातारी झाली होती. पण मालकाला ती नवी हवी होती आणि रंगाला कुठे गळती लागते? चिताऱ्याने ती करकरीत नवी करून दिली होती.

"पुसायचं कशाला?"

कारकुनाने दार लोटून घेतलं. "बुडालं. माणसांसकट. पण ताकास तूर लागू द्यायची नाही. बाकीच्या दोन जहाजांवर उद्या सकाळी खलाशी चढतायत. तिन्ही जहाजं एकाच वयाची. कळलं तर एकही जण फळीवर पाय ठेवणार नाही. ती एकदा निघाली, की सांगू घरोघरी."

"माझा जावई होता त्याच्यावर."

हे कारकुनाला ठाऊक नव्हतं. त्याने टोपी काढली, हातात फिरवली आणि पुन्हा घातली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण शब्द द्या. मालक विसरणार नाहीत."

चिताऱ्याने मान हलवली. त्याची चूल मालकाच्या पेढीच्या कामावर पेटत होती, आणि अशा माणसाची मान आधी हलते, डोकं मागून चालतं. कारकून जिना उतरून गेला तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण कशाला मान हलवली ते.

आतल्या खोलीतून मुलगी खललेला रंग घेऊन आली. नवरा समुद्रावर असला की ती माहेरी राहून बापाचे रंग खलायची. लहानपणापासून तिला तेच येत होतं.

"हे का परत आलं?"

"तिसरं जहाज विकलं मालकांनी. पुसायचंय. माणसं दुसऱ्या जहाजाने येतील म्हणे. थोडा उशीर होईल."

तिने चित्राकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बरं," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःची शरमही वाटली. त्याने कुंचला उचलला. उभा जन्म समुद्र रंगवण्यात गेला होता, पण आज त्याने कुंचला निळ्याऐवजी तपकिरीत बुडवला.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली. "नाहीतर समुद्राऐवजी चिखल कराल."

तिने वरून सुरुवात केली. आधी झेंडा गेला, मग शिडं गेली, मग डोलकाठ्या. जिथे कापड फुगलं होतं तिथे राखाडी आभाळ आलं. चितारी उगाच बोलत सुटला. तेल महागलंय, खिडकीची फट बुजवायला हवी, असलं काहीबाही. ती हूं हूं करत होती. नुसता सांगाडा उरला तेव्हा तिचा हात थांबला.

"बाबा, विकलेलं जहाज कोणी पुसतं का?"

तो खिडकीची फट चाचपायला लागला.

"विकलेलं जहाजही मालक मिरवतात. आपण चित्रात फक्त झेंडा बदलतो, नव्या मालकाचा. किती झेंडे मीच बदललेत." तिने कुंचला ठेवला. "डोलकाठी पुसेपर्यंत वाट बघितली मी. म्हटलं, आता सांगाल, मग सांगाल."

"मी शब्द दिलाय, पोरी. बाकीची दोन उद्या निघतायत. ती जाईपर्यंत..."

ती रडेल म्हणून तो थांबला, पण ती रडली नाही. तिने फडक्याने एकेक बोट पुसलं. नखांतला राखाडी रंग काही निघेना, तेव्हा तो तसाच राहू दिला.

"शब्द तुम्ही दिलात," ती म्हणाली. "मी नाही दिला."

ती जिना उतरली. खाली राहणाऱ्या सुतारणीचं दार वाजलं. सुतारणीचा धाकटा मुलगा उद्या उरलेल्या दोनपैकी एका जहाजावर चढणार होता. मग सुतारणीने पोराला हाका मारायला सुरुवात केली.

पुढच्या घराचं दार वाजलं तेव्हा समोरच्या बाजूची दारं वाजवायला चितारी आपले जोडे शोधत होता.