अक्षर रिझवानचे, आकडे कंपनीचे

मी एक जुनी, खिशात मावणारी डायरी आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही, राग मानू नका.

वाळूजच्या एका कारखान्याने नव्या वर्षाला कामगारांना डायऱ्या वाटल्या, त्यातली मी. अंगावर सोनेरी अक्षरांत कंपनीचे नाव. रबरी सील बनवणाऱ्या मशीनवरच्या रिझवानच्या वाट्याला मी आले. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. त्याच्या अब्बांनी, कमरोद्दीनचाचांनी, माझ्या पहिल्या पानावर उर्दूत तिचे नाव लिहिले, सदफ. महिन्याभरात ते गेले. त्यांच्या हातचे तेवढेच अक्षर मागे राहिले.

त्याच पानाच्या मागच्या बाजूपासून रिझवानने मशीनचे आकडे लिहायला सुरुवात केली. साचा किती तापवायचा, रबरात कोणती पावडर किती घालायची. त्या खात्यातले सगळेच ऑपरेटर असे लिहीत आणि त्याला आपली कारागिरी समजत. साहेबही कौतुकाने विचारीत, "रिझवान, तुझी डायरी काय म्हणते?" मी फुगून जायची. कामावर लागताना गुपिते न फोडण्याच्या इंग्रजी करारावर आपण न वाचता सही केली आहे, हे रिझवानच्या ध्यानातही नव्हते.

सात वर्षांनी दुसऱ्या कारखान्याच्या इंद्रजीतसाहेबांनी त्याला चहाला बोलावून जास्त पगाराची नोकरी देऊ केली. त्यांची नजर त्याच्या तोंडावर कमी आणि खिशावर जास्त होती. "येताना डायरी आणा बरं का," ते म्हणाले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

रिझवानने राजीनामा दिला. जुन्या कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी फोरमन रामकिसनभाऊंनी त्याला अडवले.

"डायरी जमा कर अन् पोच घे."

"भाऊ, अक्षर माझं, घाम माझा. मग डायरी कंपनीची कशी?"

"आकडे कंपनीचे हायेत, बाबा. लई महागात पडंल."

रिझवान हसला. गेटवर वॉचमनने डब्याचे झाकणसुद्धा उघडून पाहिले. मला मात्र कुणी हात लावला नाही.

नव्या कारखान्यात आठवड्याभरात माझ्या पानापानाचे फोटो निघाले. मग जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, पाठोपाठ कोर्टाचा मनाई हुकूम. इंद्रजीतसाहेबांनी हात झटकले. "आम्ही कुठं मागितली होती डायरी?" रिझवानची नोकरी गेली, नुकसानभरपाईचा दावा डोक्यावर राहिला, आणि मला त्या फोटोंसकट पुरावा म्हणून कोर्टात जमा केले.

त्याने एकच विनंती केली, पहिले पान तरी द्या. पण पानामागे आकडे आहेत. निकालापर्यंत ते मिळणार नाही.

मित्रांनो, नोकरी सोडताना कंपनीचे ते कंपनीला देऊन पोच घ्या. सही करण्याआधी वाचा. गोड बोलून वही मागणाऱ्याचा संशय घ्या. आणि घरचे अक्षर घरच्या वहीतच असू द्या.

मला पाकिटात घालून लाखेची मोहर लावत होते, तेव्हा रिझवान वकिलांना सांगत होता, "सदफ विचारते, दादाअब्बांनी माझं नाव कसं लिहिलं होतं?" त्याला स्वतःला उर्दू लिहिता येत नाही. ते नाव माझ्यापाशी आहे, आणि मी तिला दाखवू शकत नाही.