खडकाआडचं पाणी

कोपोंग तांडेलाच्या हाती वस्तू दिली की ती ओरखडाही न पडता परत मिळणार, हे त्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. म्हणून तर जावाहून आलेल्या विर्योसाहेबाने ते पिवळं यंत्र त्याच्याच हवाली केलं. दिसायला घागरीएवढं. महिनाभर पाण्यात सोडायचं, ते प्रवाहाचा वेग मोजणार. वेग पुरेसा निघाला तर समुद्राच्या तळाशी मोठाली पाती बसणार, पाणी ती फिरवणार आणि गावात वीज येणार.

"तांडेल, अगदी मधोमध, जिथं पाणी सगळ्यात जोरात धावतं ना, तिथंच सोडा," साहेब म्हणाला. होडीत पाय ठेवताच त्याला ओकारी यायची, त्यामुळे तो काही बरोबर जाणार नव्हता.

विजेची सगळ्यात घाई कोपोंगच्या विधवा बहिणीला, केवाला. बोटी किनाऱ्याला लागल्या की विधवांचा वाटा आधी निघायचा. त्या वाट्याची मासळी विकून केवाचं पोट चाले. पण बर्फाअभावी दुपारनंतर उरलेली मासळी डुकरांपुढे टाकावी लागे. साहेब गावात आल्याचं कळताच तिने शहरातून एक जुना फ्रीझर उचलून आणला आणि वीज येईतोवर त्यात कपडे ठेवले. गाव पोट धरधरून हसलं.

"हसा, हसा मेल्यांनो," केवा म्हणाली. "उद्या बर्फाला माझ्याच दारात याल ना, तेव्हा बघते एकेकाला."

मधोमधच्या त्या पाण्याने कोपोंगचे दोन नांगर गिळले होते. पाहुण्याची वस्तू तिथे टाकायची? पाहुण्याची वस्तू जिवापाड जपायची, ही त्याच्या बापाची शिकवण; त्याला वर गेल्यावर काय तोंड दाखवलं असतं त्याने? त्याने यंत्र मोठ्या खडकाच्या आडोशाला नेलं, पांढऱ्या दोराने खडकाला बांधलं आणि रोज जाऊन त्यावरचं शेवाळ पुसलं. पाणी काय, इथून तिथून एकच, असं त्याने स्वतःला समजावलं. चाळीस वर्षं प्रवाहाशी झुंजलेला माणूस! पण पाहुण्याची वस्तू म्हटली की त्याची अक्कल गहाण पडायची.

महिन्याने यंत्र लखलखीत परत गेलं. साहेबाने पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तो तोंड पाडूनच. सगळं गाव किनाऱ्यावरच्या चिंचेखाली जमलं.

"तुमचं पाणी फार संथ निघालं," तो म्हणाला. "पाती आता समोरच्या बेटाच्या टोकाला बसतील. वीजही तिथंच राहील." मग तो कोपोंगकडे वळला. "तांडेल, मी सांगितलं तिथंच सोडलं होतंत ना? काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. आणखी एकदा मोजू. कुणी रागावणार नाही."

इतकं सोपं होतं. कोपोंगने तोंड उघडलं. समोर त्याच्याच हाताखाली शिकलेले नावाडी ओळीने बसले होते.

"तिथंच सोडलं होतं," तो म्हणाला.

साहेब गेल्यावर म्हातारा लागाआजा बोलू लागला. त्याचा शब्द गावात शेवटचा. "आपलं पाणी कधी संथ होतं रे? कुणीतरी केलं. घरचा पुरुष मोठ्या कामाला समुद्रावर जातो, तेव्हा घरातल्या बाईनं आवाज चढवायचा नसतो. कुणी चढवला?"

"केवानं!" शेजारीण बेंगान लगेच उठली. "माझ्याशी भांडली ती. त्याच महिन्यात. अख्ख्या गावानं ऐकलंय."

"अगं भवाने, तुझं डुक्कर माझ्या मक्यात घुसलं होतं!"

"घुसलं ना? मी गप्प होते. तू होतीस का?"

लागाआजाने निकाल दिला. केवाचा वाटा बंद. समुद्र तिला क्षमा करत नाही तोवर तिला कुणी मासळी द्यायची नाही.

केवाला आधी हसूच आलं. मग तिच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाहीये. ती भावापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, तुझ्याइतका समुद्र इथं कुणाला कळत नाही. सांग की यांना. माझ्या तोंडानं पाणी थांबतं का रे?"

कोपोंग वाळूकडे बघत राहिला.

"थांबतं," तो म्हणाला.

तसा तो वाईट माणूस नव्हता. पण त्या किनाऱ्यावर इतका नीच शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला नसेल.

केवाने चार महिने कोरडा मका खाऊन काढले. समोरच्या बेटावर विजेचे खांब उभे राहताना दिसू लागले, तसं तिने तिकडेच जायचं ठरवलं. फ्रीझर मावेल एवढी होडी एकट्या कोपोंगचीच होती. त्याने तो दोरांनी नीट बांधला, खाली गोणपाट घातलं. भरतीचा जोर चुकवायला होडी खडकाच्या आडून न्यावी लागली.

खडकाला पांढरा दोर अजून लोंबत होता. खाली पाणी इतकं शांत, की त्यावरचं पान जागचं हलत नव्हतं.

"ही गाठ तुझी आहे, दादा," केवा म्हणाली.

ती त्या पानाकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं.

"इथं बांधलं होतंस यंत्र."

"पाहुण्याची वस्तू होती गं. मधे सोडली असती आणि गेली असती तर..." त्याने होडीचं तोंड वळवायला घेतलं. "चल, मागे फिरू. सगळ्यांना सांगतो मी."

"आता? ते बघ तिकडचे खांब."

"मग तू सांग. माझं नाव घेऊन सांग."

"मी?" केवा म्हणाली. "माझ्या तोंडाला आता तिथं कोण विचारतं?"

होडी पुढे निघाली. पलीकडच्या किनाऱ्यावर कोपोंगने चौघांना हाका मारल्या, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि फ्रीझर अलगद वाळूवर टेकवला. केवाने त्याच्या चारी बाजूंनी हात फिरवून पाहिला.

"एक ओरखडा नाही," ती म्हणाली. "पाहुण्याची वस्तू नीट पोचवलीत. या आता, तांडेल."